हरणाबाईंची चौकट

आमच्या गावात रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. गाव विट्यापासून तेरा किलोमीटरवर आहे. नाव लिहीत नाही, कारण या हकिकतीत गावाची थोडी चूक आहे आणि माझी जास्त. भोंगा मारुतीच्या देवळावर बसवलेला आहे. तो वाजला की घरोघरचे टीव्ही बंद करायचे, मोबाईल बाजूला ठेवायचे आणि साडेआठपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा. करोनात शाळा बंद होत्या तेव्हा पोरांच्या हातात आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून हा उपाय. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका गावाने असं काही केल्याचं आमच्या कानावर आलं होतं. ग्रामसभेत हात वर झाले आणि ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं. पस्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो होतो. गावातला अर्ज असो की सत्काराचं भाषण, ते लिहायला माझ्याच ओसरीवर येतं.

भोंग्याचा उपयोग झाला, हे आधी सांगितलं पाहिजे. पहिल्या महिन्यात सातनंतर गल्लीतून चाललं की पाढे ऐकू यायचे. एका घरात तर बाप चौथीतल्या मुलीकडून अपूर्णांक शिकताना मी पाहिला. मला फार बरं वाटलं होतं.

फक्त ओढ्याकाठच्या एका घरातून पाढ्यांऐवजी मालिकेतल्या सासूचं रडणं ऐकू यायचं. ते घर हरणाबाईंचं.

भोंग्यानंतर गावातून फेरी मारायचं काम नानासोंनी अंगावर घेतलं होतं. नानासो सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उसाचं रान आहे, मिशा आहेत, आणि हातात काठी नसली तरी चालताना ती असल्यासारखी वाटते. ते हरणाबाईंच्या दारात गेले तेव्हा काय झालं, हे त्यांनीच मला येऊन सांगितलं. आले होते रागाने, पण सांगता सांगता स्वतःच हसू लागले.

"हरणाबाई, भोंगा वाजला," नानासो म्हणाले.

"ऐकला की. बहिरी न्हाई मी."

"मग टीव्ही?"

"त्योबी ऐकू येतोय."

"आवं, सगळं गाव बंद ठेवतंय."

"ठिवू द्या. मी कुणाला लाव म्हणलंय व्हय?"

"उद्या दुपारी परत लागती की ती मालिका."

"शिळी लागती. तुमी शिळी भाकरी खाता का, नानासो?"

"खातो! फौजेत काय काय खाल्लंय."

"मग खावा. मी माझी ताजी खाते."

हरणाबाई त्या वेळी सत्तरीच्या पुढे होत्या. उंच, हाडापेराने मोठ्या, चालताना अजून लांब टांगा टाकणाऱ्या. ती चाल मेंढरांमागची. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही आटपाडीकडच्या माळावरचं, धनगराचं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून त्यांचा कळप नदीकाठच्या गावांकडे निघायचा आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायचा. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. मेंढरांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि धनगराला धान्य. दोघांनाही एकमेकांची गरज असायची. बोलणं व्हायचं, पटलं तर मुक्काम, नाही पटलं तर पुढचं गाव. त्यांचे मालक, म्हणजे नवरा ज्ञानू, तोंडाने गरीब होते, त्यामुळे बोलणी हरणाबाईच करायच्या.

आमच्याच गावातल्या एका शेतकऱ्याच्या रानात ते सलग बारा वर्षं मेंढरं बसवत आले होते. बाराव्या वर्षी रोगाने निम्मा कळप गेला. त्या शेतकऱ्याने ओढ्याकाठचा एक तुकडा त्यांना लिहून दिला आणि बिऱ्हाड इथेच टेकलं. त्यांचा मुलगा जयराज आता कोइमतूरला सोनं गाळण्याच्या दुकानात असतो. दुकान विट्याच्याच माणसाचं. सून त्याच्याबरोबर. नात अपेक्षा मात्र आजीजवळ वाढली. ज्ञानू जाऊन आठ वर्षं झाली. घरात दोघीच.

अपेक्षा माझी विद्यार्थिनी नव्हे, मी तोवर निवृत्त झालो होतो. पण पहाटे पुलावरून धावताना रोज दिसायची. पोलीस भरतीची तयारी करत होती. आजीची उंची आणि आजीच्या टांगा तिने घेतल्या होत्या, बोलणं आजोबांचं.

वर्षभराने भोंग्याचा जोर ओसरू लागला. चार-दोन घरांतून हळूच टीव्ही लागू लागले. विचारलं की उत्तर एकच, "हरणाबाईला कोण बोलत न्हाई, मग आमालाच का?" पुन्हा ग्रामसभा झाली. सरपंच इंद्रजित माझा विद्यार्थी, मनाने सरळ, गावासाठी धडपडणारा. तो म्हणाला, "गुरुजी, ठरावाला जरा दात पाहिजेत." म्हणून एक कलम वाढवलं: जे घर भोंगा पाळणार नाही, त्या घराला ग्रामपंचायतीचा कोणताही दाखला मिळणार नाही. खरी अडचण असेल त्याने कारणासह अर्ज करावा, समिती सूट देईल. समितीत इंद्रजित, नानासो आणि मी.

वाक्यरचना माझी. 'खरी अडचण' हे शब्दही माझेच. मला वाटलं होतं, त्या शब्दांनी कलम मऊ होतं.

दीड महिन्यातच भरतीची जाहिरात आली. अपेक्षाला अधिवासाचं प्रमाणपत्र काढायचं होतं आणि त्यासाठी तहसिलात ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला मागितला होता. ती ग्रामपंचायतीत गेली आणि हात हलवत परत आली. मुदतीला नऊ दिवस होते. वयाची अट बघता तिला अजून संधी होत्या, पण दोन वर्षं पहाटे धावून तिने पाय याच भरतीसाठी तयार केले होते.

ती माझ्या ओसरीवर येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"गुरुजी, आज्जीला तुमी सांगा."

"तू सांगितलंस का?"

"सांगितलं. ती म्हणाली, 'तुला आवाजाचा तरास होतोय का? तू बंद कर म्हण, आत्ता बंद करते. रोज बंद ठिवीन. तुझं ऐकीन. भोंग्याचं न्हाई ऐकणार.'"

"मग तू म्हणायचं होतंस, बंद कर."

अपेक्षा पायाच्या अंगठ्याने फरशी घासू लागली. "मला तरास होतच न्हाई," ती म्हणाली. "खोटं कसं म्हणू?"

मला त्या मुलीचं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. दाखला सोपा होता. एक अर्ज, त्यात एक कारण, आमची तिघांची सही. म्हणून त्या दिवशी मीच बसून अर्ज लिहिला. 'माझा मुलगा जयराज परराज्यात नोकरीस असून त्याला दुकानातून सायंकाळी सात वाजताच सवड मिळते. त्याचा फोन व टीव्हीवरील त्याच्या भागाचे हवामान व बातम्या हाच आमचा आधार आहे.' वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. समितीत कुणाचीही छाती नव्हती नाही म्हणायची.

दुपारी अर्ज घेऊन हरणाबाईंकडे गेलो. त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, हात धुतले, पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"वाचा," म्हणाल्या. "मला अक्षर येत न्हाई, पर कान हायत."

मी वाचलं. त्या मान हलवत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "लय झ्याक लिवलंय. पर ह्ये कुणाचं हाय?"

"तुमचंच की."

"जयराजचा फोन ऐतवारी दुपारी येतोय. बातम्या मी बघत न्हाई. लबाड कशाला लिवता, गुरुजी?"

मी वरमलो. "बरं. मग खरं कारण सांगा, तेच लिहितो. सातलाच टीव्ही का लागतो तुम्हाला?"

"मालिका असती. मला आवडती."

"एवढंच?"

"एवढंच."

"अहो हरणाबाई, ही काही अडचण होत नाही."

"मी कुठं म्हणले अडचण हाय म्हणून? माझ्या घरात मी टीव्ही लावला. त्याला कारण कशाला लागतंय?"

मी पोरीचं भलं, गावाचं भलं, नियम सगळ्यांना सारखा, असं सगळं बोललो. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग उठून दाराच्या चौकटीवर हात ठेवला. जुन्या बाभळीची चौकट, तेल पिऊन काळी झालेली, घराच्या मानाने जरा जास्तच दणकट.

"गुरुजी, पालाला दार नसतंय," त्या म्हणाल्या. "चाळीस गावं फिरले मी मेंढरामागं. गावाच्या शिवंवर पाल टाकलं की कोणतरी येणारच. कुठलं? कवा आला? किती दिवस? कशापायी? सांगायचं बाई, बिगार सांगून भागत न्हाई. एकदा कृष्णाकाठी एका गावात कुणाची तरी शेळी हरवली. चार गडी आले, तडक पालात शिरले. माझं पिठाचं मडकं पालथं केलं. दोन आठवड्यांची बाजरी दळून ठिवली हुती. मातीत गेली सगळी. शेळी कुठनं निघणार पिठातनं? तसंच गेले. 'चुकलं' म्हणून कोण बोललं न्हाई."

शेंगांच्या टरफलांवर कोंबडी आली, तिला त्यांनी हुसकलं.

"हितं जागा मिळाली तवा मी मालकास्नी म्हणले, आधी चौकट. सुताराकडनं करून घेतली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आन् हुबी केली. भिंती व्हायला चार म्हयने गेले. चार म्हयने नुसती चौकट हुबी रानात, आन् आमी तिच्यामागं पाल टाकून. सगळं गाव हसायचं. पर मालक घरी आले की चौकटीतनंच आत यायचे, वाकून. एकदा तवाचे पोलीस पाटील आले इचारपूस करायला, बाजूनं सरळ आत. मी म्हणले, पाटील, मागं व्हा, दारातनं या. त्ये म्हणले, 'अगं भिंत कुठाय?' मी म्हणले, भिंत नसंल, दार हाय."

"आले का मग?"

"आले की. आधी हसले, मग आले." त्या पुन्हा शेंगांशी बसल्या. "आता ह्या वयात मी माझ्या चौकटीच्या आत काय बघते, ह्येचं कारण तिघास्नी लिवून देऊ व्हय? तुमी भली माणसं हाय. सूट द्याल. पर दिली म्हंजी तुमची झाली न्हवं? उद्या काढून बी घ्याल."

मी अर्जाची घडी करून खिशात घातली आणि घरी आलो.

वर्गात मी हक्क शिकवायचो ते यादी म्हणून. मूलभूत हक्क किती? सहा. पूर्वी किती? सात, मालमत्तेचा हक्क नंतर त्यातून गेला. पोरं घडाघडा म्हणायची आणि मी गुण द्यायचो. इंग्लंडच्या सरदारांनी आठशे वर्षांपूर्वी राजाकडून कागद लिहून घेतला, इथपासून आपल्या घटनेपर्यंतचा प्रवास मी फळ्यावर बाणांनी काढायचो. आणीबाणीनंतर घटनेत दुरुस्ती झाली की यापुढे कसलंही संकट आलं तरी जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण थांबवता येणार नाही, हेही सांगायचो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा मी निवृत्तीच्या वाटेवर होतो. ते कात्रण मी वर्गात भिंतीवर लावलं होतं.

त्या सगळ्या धड्यांत समोर कुणीतरी दांडगा असायचा. राजा, गोरा साहेब, आणीबाणीतलं सरकार. त्यामुळे आपण कोणत्या बाजूला आहोत, याचा मला कधी संशय आला नाही. गावाचं भलं करायला निघालेला मास्तर त्या जागी उभा असू शकतो, हे माझ्या बाणांत कुठे नव्हतं. आणि माणसाने हक्क वापरताना काही थोर करत असलं पाहिजे, असंही मी नकळत धरून चाललो होतो. हरणाबाई मालिका बघत होत्या, म्हणून मला त्यांच्यासाठी कोइमतूरचा फोन रचावा लागला.

मुदतीच्या आधीच्या सोमवारी हरणाबाई नातीला घेऊन ग्रामपंचायतीत आल्या. मी आधीच जाऊन बसलो होतो. नानासो होते. इंद्रजित खुर्चीत चुळबुळत होता, कारण हरणाबाईंनी त्याला लहानपणी ओढ्यातून ओढून काढलं होतं आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"बसा आज्जी. अर्ज आणलाय न्हवं? द्या, पाच मिनिटांत दाखला देतो."

"अर्ज न्हाई. इंद्रजित, मला एक सांग. ही अपेक्षा ह्या गावात राहती का न्हाई?"

"राहती की."

"कवापास्नं?"

"जन्मापास्नं."

"दाखल्यात त्येवढंच लिवायचं असतंय न्हवं? मग लिव. माझा टीव्ही त्यात कुठं आला?"

इंद्रजितने माझ्याकडे पाहिलं. "ठराव हाय, आज्जी. गुरुजींनी लिवलाय."

"लिहिला मी," मी म्हणालो, "आणि चुकीचा लिहिला. जी गोष्ट खरी आहे ती कागदावर लिहून द्यायला आपण मोबदला मागतोय. घरात कोण काय बघतं यावर दाखला अडवायचा अधिकार कुठल्या कायद्याने आपल्याला दिलेला नाही. मला हे माहीत असायला हवं होतं. हाच माझा विषय होता."

नानासोंना ते रुचलं नाही. "गुरुजी, अशानं शिस्त राहत न्हाई. फौजेत हुकूम म्हंजे हुकूम. कारण इचारायचं न्हाई. म्हणून देश उभा हाय."

हरणाबाई त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "नानासो, फौजेत तुमास्नी कुणी धरून न्हेलंतं का तुमी सही करून गेलता?"

"सही करून. अठराव्या वर्षी. साताऱ्यात रांगेत हुबा राहून."

"मग तिथला हुकूम तुमी तुमच्या हातानं घेतला. मी कुठं सही केलीया?"

कोपऱ्यात शिपाई हसला आणि लगेच खोकला. नानासो रागावले नाहीत. कुणीतरी कवायतीतली खरीच चूक दाखवल्यावर माणूस जसा सावरून बसतो, तसे बसले.

इंद्रजितने दाखल्याचं पुस्तक ओढलं. लिहिता लिहिता म्हणाला, "आज्जी, आता सगळं गाव टीव्ही लावणार बघा. मग मी काय करू?"

"तू सरपंच हायस, त्ये तू बघ," हरणाबाई म्हणाल्या. "भोंगा वाजव की. चांगला वाजतोय. ज्याला पटंल त्यो बंद करंल."

अपेक्षाने दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि तहसिलाची गाडी पकडायला पळाली.

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहून ते कलम मागे घ्यायला सांगितलं. सगळ्यांना पटलं असं नाही. "शिकलेली माणसंच असं करायला लागली तर" असं एकजण मोठ्याने म्हणाला. कलम गेलं, भोंगा राहिला. इंद्रजितची भीतीही थोडी खरी ठरली. आज सातनंतर गल्लीतून गेलं तर पाढे पूर्वीइतके ऐकू येत नाहीत. जिथे ऐकू येतात तिथे मी जरा जास्त वेळ रेंगाळतो. अपूर्णांक शिकणाऱ्या त्या बापाचा टीव्ही अजून बंद असतो. दुसऱ्या एका घरातला, माझ्या अंदाजाने हुशार असलेला मुलगा पुन्हा मोबाईलला चिकटला आहे, आणि त्याच्या घरावरून जाताना मला वाटतं की ते कलम असतं तर. तेवढंच वाटतं. मग मी त्याच्या आईला विचारून त्याला दिवसाआड माझ्या ओसरीवर गणिताला बोलावू लागलो. कधी येतो, कधी येत नाही.

नानासोंनी फेरी सोडली. पण सवय सुटत नाही, सातला ते ओढ्याच्या पुलापर्यंत येतातच. एकदा मी मागून येत होतो. हरणाबाईंच्या दाराशी ते थांबले, चपला काढल्या आणि चौकटीबाहेरून विचारलं, "हरणाबाई, येऊ का? त्या मालिकेतल्या सुनेचं पुढं काय झालं?"

"या की. वाकून या, डोकं आपटंल."

अपेक्षा मैदानी चाचणीत पहिल्या दहांत आली. राहिली लेखी परीक्षा. परीक्षेच्या आठवड्यात मी तिला चालू घडामोडींची टिपणं द्यायला गेलो. ती आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. बाहेर टीव्हीवर जाहिराती चालू होत्या, हरणाबाई पाटावर बसून मालिकेची वाट बघत होत्या.

आतून अपेक्षाचा आवाज आला, "आज्जे, आजच्या दिवस बंद कर गं. डोक्यात काय शिरंना."

हरणाबाई लगेच उठल्या, बटण दाबलं आणि टीव्हीवर फडकं टाकलं. मग मला खुणेने बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं आणि स्वतःही येऊन चौकटीला टेकून बसल्या.

भोंगा वाजायला अजून दहा मिनिटं होती.